तळहाताएवढ्या भाकरी

"शेजारच्या मिराबाईला सांगून ठेवलंय," जीपमध्ये बसता बसता सुमनबाई म्हणाल्या. "सकाळी येऊन भाकरी टाकून देईल. पोरीची वेणीबी घालील. तू उगं कशाला हात लावू नको."

"व्हय, आत्याबाई," आशा म्हणाली.

जीप साखऱ्याहून औंढ्याच्या वाटेला लागली. तिथं सुमनबाईंची लेक बाळंत झाली होती आणि बारसं होईपर्यंत त्या तिकडंच राहणार होत्या. आशाची आठ वर्षांची पोरगी प्रतिक्षा जीपमागं थोडी धावली, मग परत आली आणि आईकडं न बघता घरात शिरली.

दिवाळीच्या आधी सोयाबीन काढताना आशाचा उजवा हात हडंब्यात गेला होता. मळणीचं ते यंत्र बंद करेपर्यंत उशीर झाला होता. हात मनगटापासून काढावा लागला. दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा सासूनं सगळं घर अंगावर घेतलेलं होतं. सुमनबाई वाईट नव्हत्या. सुनेला त्या एका शब्दानं लागेल असं बोलल्या नाहीत. "तू बस, मी हाय ना," एवढंच म्हणायच्या. आणि आशा बसायची.

पूर्वी पोरीचं न्हाणं, डबा, वेणी ही कामं ती करवादत करायची. हलली म्हणून पाठीत एखादा धपाटाही द्यायची. आता ओट्यावर बसून सासूला ते करताना बघायची, तेव्हा तिला तो धपाटासुद्धा आठवायचा.

पट्टी सुटली त्या दिवशी प्रतिक्षा मनगट बघून ओरडली होती. तेव्हापासून आशा ते पदराखाली ठेवायची, आणि प्रतिक्षा आजीजवळ झोपायची.

दुसऱ्या दिवशी आशा मिराबाईच्या आधी उठली. नवरा, स्वप्निल, गव्हाला पाणी द्यायला निघाला होता. तिला परात काढताना बघून तो थांबला.

"काहून? मिराबाई येऊन राहिली ना."

"येऊ द्या. चहा पाजते."

परातीखाली ओलं फडकं घालून तिनं ती भिंतीला टेकवली, तरी पीठ मळताना ती फिरायचीच. कोपरानं दाबून धरली. पहिली भाकर थापली, पण एका हातानं उचलताना मधोमध फाटली. दुसरी तव्यावर पडायच्या आधीच दुमडली. तिसऱ्या वेळी तिनं गोळा लिंबाएवढा घेतला. भाकर एवढी लहान थापली की ती तळहातावर आली आणि अलगद तव्यावर पडली. फुगली. आशा तिच्याकडं बघतच राहिली, आणि एक बाजू थोडी करपली.

मिराबाई दारात आली तोवर टोपलीत नऊ भाकरी झाल्या होत्या.

"अगं बाई! पुऱ्या करून राहिली का काय?"

"भाकरीच हैत, काकू. पोरीच्या."

मिराबाईनं परातीकडं पाहिलं, आशाच्या कोपराला लागलेल्या पिठाकडं पाहिलं. मग ती पाटावर बसली. चहा प्याली, वांग्याच्या भावाबद्दल बोलली, पोरीची वेणी घालून दिली आणि पिठाला हात न लावता गेली.

शाळेतून आल्यावर प्रतिक्षानं रिकामा डबा चुलीजवळ ठेवला.

"उद्या सहा दे."

"सहा? खाशील का?"

"दोन आफिफाला पाहिजेत. तिची आई मोठीच करती."

त्या दिवसापासून आशाला सकाळची घाई लागली. डबा भरायचा, दप्तर बघायचं, पाणी तापवायचं. पोरीच्या डोक्यावर डाव्या हातानं तांब्या ओतताना पाणी भलतीकडंच जायचं आणि प्रतिक्षा ओरडायची, "आई, डोळ्यात गेलं!" आशा "गेलं तर गेलं" म्हणायची आणि हसायची. काम तेच होतं. फक्त ते संपू नये असं तिला आता वाटायचं.

पाचव्या दिवशी तिनं मिराबाईला सांगून टाकलं, "काकू, उद्यापून वेणी आमीच बघतो." पोरीला पुढ्यात घेऊन तिनं केसांचे तीन पेड केले.

"हा एक तू धर. वढू नको, नुसता धर."

प्रतिक्षानं हात मागं करून पेड धरला. दुसरा आशाच्या बोटांत होता. तिसरा सारखा सुटायचा. शेवटी तिनं पदर बाजूला टाकला आणि तो पेड मनगटानं पोरीच्या पाठीशी दाबून धरला. प्रतिक्षाची पाठ ताठ झाली. आशा थांबली.

प्रतिक्षानं हातातला पेड सोडला नाही.

"दुखतं का?" प्रतिक्षानं पुढं बघतच विचारलं.

"न्हाई. खाजवतं."

"कुठं?"

"करंगळीला."

"करंगळी तर न्हाईच!"

"तरीबी खाजवतं. काय करू?"

प्रतिक्षा फिसकन हसली. पाठ सैल झाली. वेणी उजव्या खांद्याकडं वाकडी उतरली, पण शाळा सुटेपर्यंत टिकली. त्या रात्री तिनं आपलं अंथरूण आईच्या शेजारी ओढलं.

बारसं उरकून सुमनबाई आल्या, तेव्हा नात आरशासमोर उभी होती.

"ये इकडं, ही काय वाकडी वेणी! नीट घालून देते."

"नको आजी. आमी दोघींनी घातली."

सुमनबाईंचा फणीसाठी पुढं केलेला हात तसाच राहिला. आशाला वाईट वाटलं. एवढे दिवस त्या हातानंच घर धरलं होतं.

"आत्याबाई, तुमी बसा," ती म्हणाली. "दमून आलात. चहा ठेवते. तोवर बाळ कोनावर गेलं ते सांगा."

सुमनबाई टेकल्या. जरा वेळानं बाळाचं नाक कुणासारखं आहे ते सांगू लागल्या.

रविवारी दुपारी आशानं प्रतिक्षाला अंगणात बसवलं आणि तिची नखं कापली. पोरीनं एकेक बोट आईच्या गुडघ्यावर ठेवायचं आणि आईनं नेलकटर दाबायचं, असं दहाही बोटांचं झालं. मग प्रतिक्षाची नजर आईच्या हातावर गेली. नखं वेडीवाकडी झिजलेली होती.

"तुझी कोण कापतं गं?"

"कोणी न्हाई. दगडावर घासते."

"आजीला काहून न्हाई सांगितलं?"

 प्रतिक्षानं आईकडून नेलकटर घेतलं, तिचा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला आणि अंगठा चिमटीत धरला. एक डोळा मिटून ती हळूहळू कापायला लागली. पाच बोटं व्हायला बराच वेळ लागला. आशा हलली नाही.