डॉक्टरांनी काय सांगितलं

“कापलेली नळी पुन्हा जोडायची, एवढंच,” डॉक्टर म्हणाले. “पण अकरा वर्षं झालीत. शंभरातल्या चाळीस-पन्नास जणांनाच गुण येतो. तेवढीच आशा धरा.”

गिरधरने मान हलवली. तो आणि त्याची बायको प्रमिला पहाटेच्या एसटीने धुळ्याहून जळगावच्या या दवाखान्यात आले होते. गिरधर तेलगिरणीत फिटर होता, त्यामुळे नळी जोडणं म्हणजे काय ते त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. फक्त ही नळी त्याच्या देहातली होती, आणि ती त्याने आपण होऊन कापून घेतली होती.

शहात्तर साली आधार जन्मला तेव्हा प्रमिला दोन दिवस अडली होती. कशीबशी वाचली. “पुढचं बाळंतपण हिच्या जिवावर बेतेल,” डॉक्टरीणबाईंनी व्हरांड्यात बोलावून सांगितलं होतं. महिनाभराने गिरधर एकटाच जाऊन नसबंदी करून आला. ते वर्षच आणीबाणीचं होतं. लोकांना वाटलं, साहेबाच्या धाकाने गेला, नाहीतर ऑपरेशनवर मिळणाऱ्या तुपाच्या डब्यासाठी. गिरणीत कितीतरी दिवस त्याला ‘तूपवाला’ म्हणत. तो हसून सोडून देई. खरं कारण त्याने आईलाही सांगितलं नाही. बाईच्या कुशीला नाव ठेवायला माणसांना वेळ लागत नाही, हे त्याला माहीत होतं.

पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात आधार गेला. नऊ वर्षांचा होता. ताप आला आणि चौथ्या दिवशी सगळं संपलं.

गिरधरची आई भिकुबाई वर्षभर गप्प होती. मग तिच्या कानावर आलं की असलं ऑपरेशन आता उघडून मिळतं. त्या दिवसापासून तिने लेकामागे एकच धोशा लावला. “देव एक डाव परत दी ऱ्हायना, भाऊ. ली ले.”

गिरधर टाळत राहिला. पण नवल असं की, शेवटी हट्ट प्रमिलाने धरला. त्याला सुट्टी घ्यायला तिनेच लावलं.

“दोघांनी इथे सह्या करा,” डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. “बाई, तुमचं वय किती?”

“चौतीस. पन माले कसाले इचारतस?” प्रमिला खाली बघत म्हणाली. “मन्हा जीवले दुसरं बायतपन सोसाव नही. यास्नं लगीन लाई देसू.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. गिरधर तिच्याकडे बघतच राहिला.

“हाई कव्हय ठरायं तू?”

“व्हयनात दोन महिना. मन्ही मावसबहीन मंदा शे ना, तिले नवरानी सोडेल शे. तिना बापसंगे बोलनू मी. मी फारकत दी देसू.”

डॉक्टरांनी कागद परत ओढून घेतला. मग म्हणाले, “बाहेर बसून आधी बोलून घ्या. दुपारपर्यंत मी आहे.”

दवाखान्याच्या आवारात एक सिमेंटचा बाक होता. प्रमिलाने फडक्यातली भाकर आणि ठेचा मधे ठेवला. कुणी हात लावला नाही.

तिने सगळा विचार करून ठेवला होता. पारोळ्याला भावाकडे जाईन, त्याच्या शेतात राबेन, कुणावर भार होणार नाही. “तुम्ही चाळीसना बी नहीत,” ती म्हणाली. “बठ्ठं नव्यानी मांडता यी. घरमा पोऱ्या खेयी. मायले बी बरं वाटी.” बरेच दिवस मनात घोळवलेलं असावं तसं ती न अडखळता बोलत होती. डोळ्यांत टिपूस नव्हतं.

खोटं कशाला सांगा, गिरधरच्या डोळ्यांपुढे ते चित्र आलं. सायकलच्या दांडीवर बसलेलं पोर, घंटीवर त्याचा अंगठा. पण पोराने मान वळवली की तो आधारच असायचा. आणि सायकल घराशी आली की दार उघडायला प्रमिलाच यायची. तिथे दुसरं कुणी बसेना.

“मंदानी आधारले देखेल शे का?” त्याने विचारलं.

प्रमिला दचकली. दोन वर्षांत ते नाव घरात कुणी काढलं नव्हतं.

“एकडाव. तो रांगे तव्हय.”

“मंग मी त्यानी गोट कोनजोडे करू?” गिरधर म्हणाला. “तो दूधमा भाकर मोडे, आनि गुपचूप मांजरले दे. हाई तुले नि मालेच माहीत शे. तू गई तं मी कोनले सांगू?”

प्रमिलाने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. मग हळूच म्हणाली, “मांजरले नही. तुम्हले तशे वाटे. तो गोठामा जाईसन वासरूले दे.”

“वासरूले?”

“मी देखेल शे ना.”

“आनि माले बोलनी नहीस?”

“तुम्ही त्याले मारतात मंग.”

गिरधरला हसू आलं, आणि हसता हसता त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. प्रमिलाच्या पदराचा बोळा झाला होता. मग ती बोलायला लागली ती थांबेचना. शाळेच्या पहिल्या दिवशी त्याने चपला कुठे लपवल्या होत्या, आजीचा चष्मा कुणी मोडला होता. गिरधरला त्यातलं निम्मं माहीत नव्हतं. बोलता बोलता भाकर संपली.

दुपारी तो एकटा आत गेला. “नको साहेब,” म्हणाला. डॉक्टरांनी कारण विचारलं नाही.

परतीच्या एसटीत प्रमिलाने ठरवलं, सासूला नसबंदीचं खरं कारण सांगून टाकायचं. अकरा वर्षं त्याने आपल्यासाठी बोल सोसले, आता बास. तिन्हीसांजेला ते घरी पोचले तर भिकुबाई उंबऱ्यातच उभी होती.

“काय बोलना रे डॉक्टर?”

प्रमिलाने तोंड उघडलं. पण गिरधर तिच्याआधी बोलला.

“आते उघडाव नही म्हने, माय. मन्हामाच खोट शे. परत कोठे जाऊन फायदा नही.”

आणि तो तडक मोरीकडे गेला.

भिकुबाई उंबऱ्यावर बसली. मग तिने सुनेकडे पाहिलं. प्रमिला अजून हातात पिशवी घेऊन तशीच उभी होती. आधार गेल्यापासून म्हातारी तिच्याशी कामापुरतंच बोलत आली होती.

“तुन्ही कूस चांगली व्हती व माय,” ती म्हणाली. “मन्हाच पोऱ्यानी तुले…”

प्रमिलाने मोरीकडे पाहिलं. गिरधर पाठमोरा उभा राहून पायांवर पाणी ओतत होता. एक तांब्या, मग दुसरा, मग तिसरा. त्याने वळून पाहिलं नाही, नुसती मान हलवली. नको, अशी.

भिकुबाई उठली. चुलीवरची खिचडी उतरवली. या घरात पहिलं ताट नेहमी गिरधरचं असे. आज तिने सुनेच्या मनगटाला धरून तिला पाटावर बसवलं, तिच्यापुढे ताट ठेवलं, आणि खिचडीवर हात सैल सोडून तेल वाढलं.

“खाय,” ती म्हणाली. “सकायनी उपाशी व्हशीन.”

प्रमिला ताटावर खाली वाकून जेवू लागली. आणखी वाढायचं म्हणून म्हातारी पळी हातात धरून तिच्यासमोर बसून राहिली.