पुठ्ठ्यावर लिहिलं होतं

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. पुठ्ठा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर बुटांचं खोकं येणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगतो, मी संग्रहातलं नाणं ठेवायचा होल्डर आहे. तीन बोटं लांब, तीन बोटं रुंद, मधोमध गोल खिडकी आणि तिला पारदर्शक फिल्म. आणि मी रागावलेलो आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गोड बोलतात. आज ते माझ्याकडून होणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. यंत्राने पुठ्ठ्याच्या पट्टीत दोन भोकं पाडली, त्यांवर फिल्म चिकटवली आणि मधोमध घडीची रेघ मारली. घडी घातली की एक भोक दुसऱ्यावर बरोबर बसतं आणि नाणं दोन फिल्मांच्या मधे राहतं. आम्ही शंभर जण एका गठ्ठ्यात होतो. आम्हाला विकत घेतलं ते बसवर कंडक्टर असलेल्या एका बाईने. तिची भाची तिला मावशी म्हणते, म्हणून मीही मावशीच म्हणतो.

आयुष्यभर चिल्लर हाताळल्यामुळे वेगळं नाणं मावशीच्या डोळ्यांआधी बोटांना कळायचं. असं नाणं ती ठेवून घ्यायची आणि तिकिटाच्या पैशांच्या पिशवीत स्वतःजवळचं तेवढ्याच किमतीचं टाकायची. घरी आली की आधी साबणाने हात धुवायची आणि कोरडे करायची. टेबलावर मऊ फडकं पसरायची, म्हणजे नाणं निसटलं तरी आपटणार नाही. नाण्याच्या मापाची खिडकी निवडायची. जे लिहायचं ते आधी पुठ्ठ्यावर लिहायची आणि मगच नाणं आत ठेवायची, कारण नंतर लिहिलं तर पेनाचा दाब नाण्यापर्यंत पोचतो. नाणं धरायची तेही फक्त कडेने. मग घडी, मग तीन उघड्या बाजूंना स्टेपलरची एकेक पिन, खिडकीपासून लांब.

इथे बहुतेक लोक हात झटकून मोकळे होतात. मावशी होत नसे. ती पक्कड घेऊन प्रत्येक पिनेची मागची टोकं दाबून सपाट करायची, कारण वर राहिलेलं टोक शेजारच्या होल्डरची फिल्म फाडतं आणि आतल्या नाण्यावर ओरखडा उठवतं. पक्कड दाबताना ती पिनेला दटावायची, "शेजाऱ्याला बोचायचं नाही हं." ती एकटी असली की अशीच वस्तूंशी बोलते.

माझी पाळी आली तेव्हाही ती बोलत होती, म्हणून मला सगळं कळलं. तिने कंडक्टर होऊ नये असं तिच्या बाबांना वाटत होतं. पोरीने दिवसभर पुरुषांच्या गर्दीत उभं राहायचं, हे त्यांना पटेना. पंधरा दिवस त्यांनी तिच्याशी ब्र काढला नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी दुसऱ्या थांब्यावर ते रांगेत उभे होते. बसमध्ये चढले, थांब्याचं नाव सांगितलं आणि एक नाणं पुढे केलं. माफी मागितली नाही, तिकीट मागितलं. मावशीने तिकीट फाडून दिलं. उतरताना बाबा म्हणाले, "संध्याकाळी लवकर ये. जेवायला थांबतो."

ते नाणं माझ्यात आलं. तसं ते साधंच होतं, बाजारात कोणी ढुंकून पाहिलं नसतं. त्याच्या पाठीवर काळपट डाग होता, त्यावरून मावशी ते ओळखायची. माझ्यावर तिने लिहिलं, 'पहिलं तिकीट. बाबा.' त्याच वर्षाचं, तेवढंच झिजलेलं दुसरं एक नाणं तिच्याकडे होतं. ते माझ्या शेजारच्या होल्डरमध्ये गेलं आणि त्यावर लिहिलं, 'अदलाबदलीसाठी'. आम्ही दोघे एकवीस वर्षं अल्बमच्या एकाच पानावर शेजारी शेजारी राहिलो. माझी फिल्म हळूहळू माझ्या नाण्याच्या अंगाबरोबर झाली. त्याच्या कडेला केसाएवढी चपटी जागा होती. कोणाच्या डोळ्यांना ती दिसली नसती, पण माझ्या फिल्मवर तिचा ठसा उमटला होता.

आता माझ्या रागाचं कारण ऐका.

भाचीचं चष्म्याचं दुकान आहे. काच लख्ख हवी ही तिची शिस्त, आणि ती शिस्त चांगलीच आहे, पण काचेपुरती. मावशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेली, तेव्हा भाचीने ठरवलं की तिला खूश करायचं. नव्या डोळ्यांना पहिल्यांदा तिची नाणीच झगझगीत दिसू देत! दुकानातलं चष्मे धुण्याचं यंत्र तिने घरी आणलं. पाणी घातलं की ते गुणगुणतं आणि आतलं सगळं थरथरवतं. मग तिने अल्बम उघडला.

पिना उचकटायची तसदी तिने घेतली नाही. मला दोन्ही बाजूंनी धरून टर्रकन ओढलं. पिनेचं टोक माझ्या नाण्याला लागता लागता राहिलं. बाकीच्यांचंही हेच झालं. सगळी नाणी एकाच जाळीत पडली, धुतली गेली, वर पेस्ट लावून घासली गेली आणि प्लॅस्टिकच्या गोल, पारदर्शक डब्यांत जाऊन बसली. आम्ही रद्दीच्या पिशवीत. आमच्यावर निळ्या शाईने लिहिलेलं होतं, बायांनो आणि बाप्यांनो! वाचायला किती वेळ लागतो? जिचा धंदा लोकांना नीट वाचता यावं म्हणून आहे, तिने तीन शब्द वाचले नाहीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, म्हणजे मला तळपाय असते तर गेली असती.

दोन दिवसांनी मावशी घरी आली. भाचीने तिला खुर्चीत बसवलं आणि ट्रे पुढे ठेवला.

"मावशी, आता बघ. कशी दिसतायत?"

मावशीने एक डबी उचलली. मग तिच्यासारखीच दुसरी उचलली. दोन्ही उलटून पाहिल्या. डाग कुठेच नव्हता.

"अगं, यातलं बाबांचं कुठलं?"

"कुठलं म्हणजे? सगळी आहेत. मोजून घे हवं तर."

"मोजून काय करू?" मावशी हळूच म्हणाली. "पुठ्ठे कुठे आहेत?"

"ते जुने? टाकले. पिवळे पडले होते गं."

मावशीने रद्दीची पिशवी जमिनीवर रिकामी केली. मला शोधून काढलं आणि भाचीच्या हातात दिलं. भाचीने मला वाचलं. मावशीने तिला बस, रांग, नाणं सगळं सांगितलं. भाची धावत दुकानातून भिंग घेऊन आली, दोन्ही नाणी दिव्याखाली धरून बसली आणि शेवटी रडायला लागली. खरं सांगू? मला तिची दया आली नाही. आजही फारशी येत नाही. तिने प्रेमाने केलं, हे मला मान्य आहे. पण प्रेमाने घासलेला डाग परत येत नाही.

मावशी तिच्यावर ओरडली नाही. "ऊठ, हात धू," एवढंच म्हणाली. तिने फडकं पसरलं. माझ्या शेजाऱ्याच्या चिंध्या झाल्या होत्या, म्हणून एक नवा होल्डर घेतला. त्यावर लिहिलं, 'पहिलं तिकीट. बाबा. या दोघांपैकी एक.' माझ्यावर जुन्या अक्षरांखाली तेच शेवटचे तीन शब्द वाढवले. मग डोळे मिटून एक नाणं माझ्यात ठेवलं आणि दुसरं त्या नव्यात. पक्कड तिने भाचीच्या हातात दिली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी काहीतरी जपून ठेवलं असेल. ते घासू नका. ते ज्यात ठेवलंय ते फेकू नका, आणि फेकायचंच असेल तर आधी वाचा. आम्हाला बोलता येत नाही. आमच्यावर लिहिलेलं असतं, तेवढंच आमचं बोलणं.

फिल्म नाण्यावर टेकताच मला कळलं. चपटी जागा नव्हती. माझ्यात आहे ते दुसरं नाणं, अदलाबदलीचं. बाबांचं शेजारच्या कप्प्यात आहे, त्या नव्याकोऱ्या होल्डरमध्ये, आणि हे मी कोणाला सांगू शकत नाही. भाचीने त्या दिवशी माझ्या पिना दाबल्या, एकदा नाही, तीन तीनदा, अगदी सपाट होईपर्यंत. त्यामुळे निदान माझ्यामुळे तरी त्याला ओरखडा येणार नाही.