चुलीतून वाचलेला चिखल

मित्रांनो, मी चिखल आहे. जुना आहे, चारशे वर्षांपासून हिंगोलीतल्या सेनगावकडच्या एका तळ्याच्या तळाशी पडून होतो. पडून राहणं हाच माझा धंदा, आणि त्यात मी एकही सुट्टी घेतलेली नाही.

माझ्या लहानपणी तळ्याकाठी धावड्याचं दाट रान होतं. त्या झाडांचे परागकण उडत यायचे आणि माझ्यात रुतून बसायचे. मी कुणाला हाकललं नाही. पुढे रान तुटलं, उघडा माळ उरला. माझ्यावर नवा गाळ बसत गेला. परागकण मात्र माझ्या पोटात शाबूत राहिले.

काही वर्षांपूर्वी त्या माळावर झाडं लावायचं ठरलं. जवळच्या बंजारा तांड्यावरचे म्हातारे फुलसिंग म्हणाले, “धावडा लावा. आमचे जुने लोक बैलांवर मीठ वाहायचे, तवा दुपारी तिथं धावड्याच्या सावलीत उतरायचे.”

सरपंच शेषराव हसले. “बापू, तिथं धड कुसळ येत न्हाई, अन् तुमी रान सांगून राहिले! निलगिरी लावू.”

तेव्हापासून पोरंसोरं फुलसिंगांना ‘धावडेबापू’ म्हणू लागली. त्यांनी सभेला जाणं सोडलं.

मग जुन्या रानांचा माग काढणाऱ्या संशोधक मोहिनी मॅडम पुण्याहून आल्या. आटलेल्या तळ्यात त्यांनी लांब नळी ठोकली आणि मला उभाच्या उभा बाहेर काढलं. चारशे वर्षांत प्रथमच ऊन पाहिलं. आवडलं नाही.

“खालच्या थरात धावड्याचे परागकण निघाले, तर बापू खरे,” असं सांगून त्यांनी मला फुलसिंगांच्या ओट्यावर मांडलं आणि जीप आणायला गेल्या.

आता तांड्यात ओट्यावर तळ्याची माती दिसली, की तिचा अर्थ एकच: चूल. फुलसिंगांच्या पत्नी जिवनबाई शेतातून आल्या. “लोण्यावानी माती आणली बाई कुणीतरी!” म्हणत त्यांनी माझी वरची दोनशे वर्षं चुलीला थापली आणि वर जाळही केला.

परत आलेल्या मॅडमना चूल पाहून रडूच फुटलं. फुलसिंगांचं तोंड माझ्याहून काळं पडलं.

“काहून रडून राहिली, पोरी?” जिवनबाई म्हणाल्या. “अर्धी ठेवली की शेजारणीला. ओल्या गोणपाटात हाय. वाळली तर काय कामाची?”

ती अर्धी म्हणजे मी! खालचा! ओलावा होता म्हणून माझ्यातले परागकण टिकले.

प्रयोगशाळेत आधी माझ्यातला डीएनए शोधला. झाडांची ती नाजूक ओळख हिंगोलीच्या उन्हाळ्यांत कधीच विरून गेली होती. मी तिला दोष देत नाही. पण परागकणांचं कवच दणकट. सूक्ष्मदर्शकाखाली धावडाच धावडा दिसला, मधूनमधून साग.

दिवाळीनंतर पारावर मॅडमनी अहवाल वाचला. शेषराव लगेच म्हणाले, “मी तर पहिल्यापासून म्हणून राहिलो, धावडा!” फुलसिंगांनी पटका सारखा केला आणि पुढच्या रांगेत जाऊन बसले.

आज मी पुण्यात फ्रीजमध्ये राहतो. माझ्या नावाची चिठ्ठी आहे. किती चिखलांना हे जमतं?

मित्रांनो, तळ्यातला गाळ जरूर काढा, शेतात टाका. पण तळाचा एक कोपरा तसाच ओला राहू द्या. तुमच्या गावाची साक्ष तिथे असते. आणि चूल घालण्याआधी एकदा विचारा.

अहवालानंतर माळावर लावलेला धावडा आता शेषरावांच्या खांद्याला लागलाय. अजून फुलला नाही. फुलेल, तेव्हा त्याचे परागकण तळ्यात माझ्या भाऊबंदांवर पडतील. आम्हाला घाई नाही.