कोळणीच्या बर्फातला स्थिरांक

अर्नाळ्याची ब्रिटनी केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला दोनदा गचकली होती. गोखिवऱ्याच्या एका कारखान्याने ‘पास झालीस तर सोमवारपासून ये’ असं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे आज तिसऱ्यांदा गचकून चालणार नव्हतं.

बाहेरून आलेले परीक्षक शत्रुघ्न सर तोंडावरूनच नापास करणारे वाटत होते. त्यांनी फळ्यावर लिहिलं: कोबाल्टच्या द्रावणात गुलाबीचं निळं होताना समतोल स्थिरांक ०.०५. रंग कुठल्या बाजूला किती झुकतो ते सांगणारा हाच आकडा ब्रिटनीच्या वहीत होता २०.

“चारशेपट चूक! एवढी चूक करायलाही अक्कल लागते.”

“सर, मी निळ्याचं गुलाबी लिहिलंय. दिशा उलटी, म्हणून एक भागिले ०.०५.”

सरांनी वहीतला बाण पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. बाण खरंच उलटा होता. त्यामुळे ते जास्तच चिडले.

“मग हा वीस कायमचा?”

“पंचवीस अंशांनाच, सर. इथे मे महिना चाललाय. तापवलं की निळं वाढतं, माझा वीस घसरतो. गार केलं की चढतो.”

“दाखव.”

कॉलेजचा फ्रीज मार्चपासून कपाट म्हणून वापरात होता. ब्रिटनीने बीकर उचलला आणि धूम ठोकली ती थेट गेटवर, तिची आई कार्मिन मासळी विकायला बसायची तिथे. परत आली तेव्हा बीकरात बर्फ होता आणि बर्फात कोळंबीची एक मिशी.

सरांनी नाकाला रुमाल लावला. गरम पाण्यात ठेवून निळीशार केलेली द्रावणाची टेस्टट्यूब ब्रिटनीने बर्फात खुपसली. निळं जांभळं झालं, मग हळूहळू गुलाबी. तिचं तिलाच भरून आलं. पुस्तकात हे कधी इतकं देखणं वाटलं नव्हतं.

सरांनी रुमाल टाकून ट्यूब हिसकावली. गरम पाण्यात निळी, बर्फात गुलाबी. पुन्हा निळी, पुन्हा गुलाबी.

एवढ्यात दारात कार्मिन उभी. “ब्रिटनी, माजा बरफ कुठं हाय?”

“आई, परीक्षा चाललीय!”

कार्मिनने सरांचा खेळ घटकाभर पाहिला. “मास्तर, तुमचा रंग जातो नि परत येतो. माजी मासली एकदा नासली का परत येत नाय. पोर पास का नापास, काय ते आता सांगा.”

ट्यूब न सोडता सरांनी दुसऱ्या हाताने कागदावर ‘पास’ लिहिलं. ब्रिटनीने आईला घट्ट मिठी मारली, मासळीच्या वासासकट.

“बरफ?” कार्मिनने विचारलं.

“दोनच मिनिटं थांबा हो बाई,” सर अजिजीने म्हणाले, “आणखी एकदा गुलाबी करतो.”