फक्त पालकांसाठी

मित्रांनो, मी एका शाळेच्या फाटकाजवळचा जुना लाकडी बाक आहे. सुताराने मला मोडक्या दारांच्या फळ्यांतून घडवले आणि रंगाऱ्याने माझ्या पाठीवर 'फक्त पालकांसाठी' असे लिहिले. मुलांनी शेजारी खडूने हिरवी पाने काढली आणि माझे नाव 'भाजीचा बाक' पडले.

'पालक' या शब्दाचा अर्थ मला बसणाऱ्यांकडून कळत गेला. कोणी ऐसपैस बसे, कोणी घड्याळ बघत नुसते टेकल्यासारखे करी. हल्ली पालकांच्या कामाला 'पेरेंटिंग' म्हणतात आणि त्यावर सभागृहात व्याख्यानेही होतात. माझ्यावर बसणाऱ्या आज्या मात्र 'पोर वाढवणं' एवढेच म्हणत.

एक बेकरीवाला रोज भाचीला न्यायला येई. आई वारल्यापासून ती त्याच्याकडेच होती. वडील नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहत. हा मामा माझ्यावर कधी बसला नाही. भिंतीला टेकून उभा राही. कोणी आग्रह केलाच, तर कपड्यांना पीठ लागलंय म्हणे.

पुढे ती मुलगी वर्गात बोलेनाशी झाली. बाईंनी पालकांना बोलावले. वडील रजा काढून आले आणि माझ्यावर बसले. मामा भिंतीशीच. ती कधीपासून गप्प आहे, असे बाईंनी विचारले, तेव्हा वडिलांनी भिंतीकडे पाहिले.

"पुढचे दात पडले तेव्हापासून," मामा म्हणाला. "'स'चा 'थ' होतो. वर्गात पोरं हसली. घरी बोलते, पण तोंडावर हात ठेवून."

बाई मुलीला आणायला आत गेल्या. वडील बाजूला सरकले.

"बसा, मेव्हणे."

"नको. तिथं काय लिहिलंय, वाचलंत ना?"

वडिलांनी मागे वळून ती अक्षरे पाहिली. मग म्हणाले, "लिहिणाऱ्याला तुम्ही कुठं माहीत होतात?"

तेवढ्यात मुलगी आली. वडिलांना पाहून आधी लाजली. मग मामाचा हात ओढत, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "मामा, बथ ना."

कोणी हसले नाही. मामा बसला.

आता मी बराच झिजलो आहे. आत प्लास्टिकच्या खुर्च्या आल्यापासून माझ्याकडे फारसे कोणी बघत नाही. त्याची तक्रार नाही. फक्त माझा एक पाय डुगडुगतो आहे, तेवढा ठोकून घ्या, मित्रांनो. दुपारी पोरांची माणसे येतात. ती दमलेली असतात.