भिंतीच्या दोन्ही बाजूंना एक नंबर

अक्कलकोट रोड एमआयडीसीत चौथ्यांदा पोचल्यावर उर्वीनं स्कूटरचं स्टँड अशा लाथेनं लावलं, की खुर्चीतला वॉचमन उगाचच उठून उभा राहिला.

चादरींचा हा कारखाना मुळात एकच. सहा वर्षांपूर्वी मल्लेशमअण्णा आणि धाकटा अंबादास यांचं बिनसलं आणि मधोमध भिंत आली. वाटणी चोख झाली. डिझाइनचा कॉम्प्युटर थोरल्याकडं, माग धाकट्याकडं. एकाला डोकं मिळालं, दुसऱ्याला हात, आणि आपण फसलो असं दोघांनाही वाटत राहिलं. भिंतीला दार नव्हतं. डिझाइन मागांपर्यंत नेणारी तार जाईल एवढं भोक होतं. माणसानं रस्त्यावरून वळसा घालायचा.

माग परदेशी, तीस वर्षांचे. त्यांना टोकन रिंगशिवाय कुठलंच नेटवर्क कळत नव्हतं, आणि टोकन रिंग जगानं केव्हाच सोडून दिली होती. उर्वीनं जुनी मॅन्युअलं वाचून ती शिकून घेतली. सोलापुरात एकटीनं. त्याचा तिला आजवर एकच फायदा झाला होता : तक्रार आली की ती कुणाविरुद्ध, हे शोधावं लागत नसे.

आणि तक्रार आली होती, पत्रानं. ‘मॅडम चालू करून जातात, सकाळी बंद पडतं. पोरीला जमत नसावं.’ तिच्या नेटवर्क-दुरुस्ती कंपनीच्या साहेबांनी सांगितलं होतं, आज बिघाडाचं कारण ग्राहकाच्या सहीनं आण, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

अण्णांकडचा राउटर तिनं उघडून पाहिला. रिंगचा नंबर एक. बरोबर. वळसा घालून ती धाकट्याकडं आली. इथं तिनं तिन्ही वेळा दोन नंबर दिला होता.

इथंही एक.

“बिभीषणकाका, हे दर वेळी कोण बदलतं?”

ऑपरेटर बिभीषण पंख्याकडं बघत म्हणाला, “शेठ म्हणले, बदल. तुमी डब्यावर कागद चिकटवलाय की, रिंग दोन म्हणून. शेठ म्हणले, त्यो एक आन् मी दोन का?”

“आणि पासवर्ड?”

“त्योबी कागदावरच हाय की.”

उर्वीनं कागद ओरबाडून काढला. स्वतःचंच सुंदर अक्षर बघून तिचं डोकं आणखी तापलं.

तेवढ्यात अंबादासशेठ आले. तिनं दात आवळून त्यांना समजावलं. “हे बघा. निरोप निघाला, की ज्या ज्या रिंगमधून जाईल तिचा नंबर स्वतःच्या पाठीवर लिहून घेतो. अण्णांकडून निघाला, एक. मधली तार, दहा. आणि तुमच्या दारात पुन्हा एक. राउटरला वाटतं, हा इथं येऊन गेलाय, उगाच गोल गोल फिरतोय. तो त्याला टाकून देतो.”

“म्हंजे अण्णाचा निरोप माझ्या दारात येऊन मरतो?”

“हो.”

“मग बरोबर चाललंय की!”

“ऐकलं बे मी, आंबू!” भिंतीतल्या भोकातून अण्णांचा आवाज आला.

“आकडा आहे तो!” उर्वी ओरडली. माग बंद होते, म्हणून ते फारच स्वच्छ ऐकू गेलं. “मानाचा फेटा नाही! तीनदा चालू करून दिलं, तीनदा तुम्ही बिघडवलंत, आणि वर माझ्या नावानं पत्र? माझी नोकरी चाललीय! पाच आणि नऊ देऊ का?”

“नऊ कुणाला?” भोक आणि शेठ एकदमच बोलले.

कोपऱ्यात सावित्रम्मा चादरीच्या दशा वळत बसल्या होत्या. दोघांची आई, एक महिना इकडं, एक तिकडं. मान वर न करता त्या म्हणाल्या, “शहाणा आसंल त्यो दोन घेईल.”

शेठनी राउटरकडं पाहिलं.

“मॅडम, माझं दोन करा,” भोक म्हणालं.

“न्हाय! दोन माझंच होतं आधीपासनं!”

“तूच खोडलंस की!”

“आता परत घेतोय!”

“मी थोरला हाय, शहाणपणा पयला माझा!”

उर्वीला वाटलं होतं, तिला जेवढा राग येऊ शकतो तेवढा येऊन गेलाय. तसं नव्हतं. इथं दोन टाकून तिकडचा एक तसाच ठेवला, तर दहा मिनिटांत माग सुरू झाले असते. आणि रात्री अण्णांनी तिकडचा एक खोडला असता, सकाळी पुन्हा फोन आला असता.

तिनं इथं दोन टाकला. उन्हातून वळसा घालून तिकडंही दोन टाकला. परत येऊन सर्व्हिस रिपोर्ट लिहिला : ‘दोन्ही मालकांच्या आग्रहावरून दोन्ही रिंगना एकच नंबर दिला आहे. अशाने निरोप पोचणार नाही, हे समजावून सांगितले. आधीचे तिन्ही बिघाड याच कारणाने झाले.’ मग तो मोठ्यानं वाचून दाखवला. दोघांनीही फक्त आपला नंबर दोन असल्याची खात्री करून घेतली. अंबादासशेठनी ऐटीत सही केली. कागद सुरळी करून भोकातून गेला, आणि तिकडची सही घेऊन आला.

तिनं तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि चेन ओढली.

बिभीषण गेटपर्यंत मागं आला. “मॅडम, आता चालंल न्हवं?”

“नाही.”

“मंग सकाळी फोन करू?”

“करा की. पण मला नको, शेठना करा. आजपासून बंद त्यांच्या सहीनं आहे.”