न वाचलेली फाइल

अठरा वर्षं आम्ही तिरुमलराव आणि तुंगाकाकूंच्या माडीवर भाड्यानं राहतोय. नाशिकहून म्हैसूरला आलो तेव्हा माझा नवरा उपेंद्र म्हणाला होता, दोन वर्षांत घर बांधू. प्लॉट लगेच घेतला. बांधकामाला यंदा मुहूर्त लागला, तर नगरविकासाच्या ऑफिसनं नकाशा मंजूर करण्याआधी विकास शुल्क मागितलं. चार लाख! तेवढ्यात आमचा वरचा स्लॅब झाला असता.

तिरुमलराव तसल्याच ऑफिसातून निवृत्त झालेले. माझा सगळा राग त्यांच्यावर निघाला.

"तुमच्याच लोकांचे नियम ना हे, काका?"

"रस्ते, गटारं काय आकाशातून पडतात, अम्मा?" ते शांतपणे म्हणाले.

शेवटी प्लॉट विकायचं ठरलं. एजंट येणार त्याच्या आदल्या दिवशी काका चष्मा लावून वर आले.

"सुम्ने, उगाच विकू नको. फाइल दे बघू."

प्लॉट विकणाऱ्या विशालाक्षम्मांनी दिलेली ती फाइल सगळी कन्नडमध्ये. मी भाजीवाल्याशी कन्नडमध्ये भांडते, पण अक्षर एक येत नाही. दर लक्ष्मीपूजनाला आम्ही तिला हळदकुंकू वाहायचो आणि परत कपाटात. वाचली मात्र कुणीच नाही.

काकांनी एका पावतीवरचं कुंकू नखानं खरवडलं.

"इल्ली नोडु, हे बघ! विशालाक्षम्मांनी हे शुल्क तेव्हाच भरलंय. पूर्ण."

मी ती घरपट्टीची पावती समजत होते!

सोमवारी दुखऱ्या गुडघ्यानिशी ते आमच्याबरोबर ऑफिसात आले, दोन तास उभे राहिले. जुन्या रजिस्टरात नोंद सापडली आणि मागणी रद्द झाली.

परत येताना रिक्षात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचं घर झालं की यांची माडी रिकामी. या दोघांना आमच्याशिवाय इथे आहे कोण?

"काका, आम्ही गेलो की तुम्ही एकटे पडणार हे ठाऊक होतं, तरी..."

"म्हणून तुमचं घर अडवायचं काय?"

मला रडू आवरेना. देवमाणूस म्हणतात तो हाच, आणि मी त्याच्यावर खेकसले होते.

त्या संध्याकाळी वही घेऊन खाली गेले. "काका, कन्नड वाचायला शिकवा."

"आता कशाला? काम झालं की."

"शिकवा तर. नव्या घरातूनही रोज येईन."

तुंगाकाकूंनी माझ्यासाठी कॉफीचा तिसरा लोटा आणून ठेवला. काकांनी पहिलं अक्षर काढून दिलं.

मी अगदी सावकाश शिकणार आहे.